जुन्या वास्तूंस द्रव्यसाहाय्य : रोझेनवाल्ड शाळांचा धडा

गांवांतील एखादी जुनी वास्तु मोडकळीस आली म्हणजे तिच्याविषयीं हळहळणारे लोक पुष्कळ भेटतात. परंतु हळहळीनें छपर शाकारलें जात नाहीं. त्यासाठीं पैसा लागतो, आणि तो कोठून आणावा हा प्रश्न निघाला कीं बहुतेक सभा तेथेंच संपतात. कोणी म्हणतो, सरकारनें द्यावा. कोणी म्हणतो, एखादा धनिक गांठावा. सरकार व धनिक हे दोघेही अशा कामीं पैसा देतात, हें खरें आहे. जुन्या वास्तूंच्या रक्षणार्थ मिळणाऱ्या ह्या साहाय्यास अनुदान म्हणतात. तें कोण देतो, कोणत्या अटींवर देतो, आणि मागणाऱ्यानें आधीं काय तयारी करावी लागते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे. विषय हिशेबाचा असल्यामुळें रुक्ष वाटण्याचा संभव आहे. म्हणून विद्यार्थ्यांस व त्यांच्या आईबापांस सारखेंच जवळचें वाटेल असें एक उदाहरण आम्ही निवडलें आहे. तें अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील खेडेगांवच्या शाळांचें होय.

शाळा कशा उभ्या राहिल्या

अमेरिकेंत गुलामगिरी १८६५ सालीं कायद्यानें बंद झाली. तथापि दक्षिणेकडील संस्थानांत कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या ठेवीत, आणि त्या शाळांच्या वांट्यास सरकारी पैसा फारच थोडा येई. कित्येक ठिकाणीं शाळा प्रार्थनामंदिरांत, तर कित्येक ठिकाणीं गळक्या खोपटांत भरे. अलाबामा संस्थानांतील टस्कीगी येथील विद्यालयाचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन हे स्वतः गुलाम म्हणून जन्मलेले होते. त्यांनीं ह्या प्रश्नाकडे शिकागोचे व्यापारी ज्यूलियस रोझेनवाल्ड ह्यांचें लक्ष वेधलें. रोझेनवाल्ड हे जर्मनींतून आलेल्या एका यहुदी कुटुंबांतले असून टपालानें माल पुरविणाऱ्या 'सिअर्स, रोबक आणि कंपनी' ह्या प्रसिद्ध पेढीचे अध्यक्ष होते. १९१२ सालीं आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या निमित्तानें त्यांनीं टस्कीगीस २५,००० डॉलर दिले. त्यांतून उरलेल्या थोड्या रकमेंत खेड्यांतील सहा लहान शाळा बांधून पाहाव्या, अशी परवानगी वॉशिंग्टन ह्यांनीं मागितली, आणि ती मिळाली.

त्या सहा शाळांपासून जें काम सुरू झालें तें १९३२ सालापर्यंत चाललें. वॉशिंग्टन १९१५ सालीं वारले. १९१७ सालीं रोझेनवाल्ड ह्यांनीं ह्या व अशाच इतर कामांसाठीं एक निधि स्थापन केला. काम थांबलें तेव्हां १५ संस्थानांत ४,९७७ शाळा उभ्या होत्या. शिक्षकांचीं घरें व उद्योगशाळा धरून इमारतींची संख्या ५,३५७ भरली. साडेसहा लक्षांहून अधिक मुलांची त्यांत सोय झाली.

ह्या योजनेंतील मुख्य गोष्ट अशी कीं, रोझेनवाल्ड ह्यांचा पैसा कोणत्याही गांवास आयता मिळत नसे. गांवकऱ्यांनीं प्रथम आपला वांटा उभा करावा, सरकारी शाळाखात्यानें ती शाळा आपली म्हणून चालविण्याचें पत्करावें, आणि मग निधीची रक्कम यावी, असा नियम होता. गांवकरी बहुतेक दुसऱ्याच्या जमिनींत राबणारे. रोकड त्यांच्याजवळ कोठून असणार? म्हणून जागा, लाकूड आणि अंगमेहनत ह्यांचेंही मोल वांट्यांत धरीत. कोठें शेतकरी कपाशीचा एक तुकडा शाळेसाठीं राखून ठेवीत व त्याचें उत्पन्न शाळेस देत. त्या तुकड्यास लोकांनीं रोझेनवाल्ड ह्यांचेंच नांव दिलें होतें. बायका कोंबड्या विकीत, जेवणाचे डबे करून त्यांचा लिलांव मांडीत. अलाबामांतील बोलिगी नांवाच्या खेड्यांत १९१६-१७ च्या हिवाळ्यांत अशीच एक सभा भरली होती. गुलामगिरीचे दिवस पाहिलेला एक वृद्ध तींत उठला, आणि त्यानें आपली जन्माची शिल्लक एका कळकट पिशवींतून टेबलावर ओतली. ती ३८ डॉलर भरली. आपल्या नातवंडांच्या मुलांस तरी संधि मिळावी, एवढेंच त्याचें मागणें होतें.

आतां एकंदर हिशेब पाहूं. सर्व इमारतींस सुमारें २ कोटि ८४ लक्ष डॉलर लागले. त्यांपैकीं सुमारें १ कोटि ८१ लक्ष करांच्या उत्पन्नांतून आले, ४७ लक्ष २५ हजार कृष्णवर्णीय गांवकऱ्यांनीं दिले, ४३ लक्ष ६४ हजार रोझेनवाल्ड ह्यांच्याकडून मिळाले, आणि १२ लक्ष गोऱ्या लोकांच्या देणग्यांतून जमले. म्हणजे दर शंभर डॉलरांत हे वांटे सुमारें ६४, १७, १५ आणि ४ असे पडतात. ज्यांच्या नांवानें ह्या शाळा ओळखल्या जातात, त्या लक्षाधीशापेक्षां अधिक पैसा गरीब गांवकऱ्यांनीं दिला, हें ह्या आंकड्यांवरून दिसेल. शिवाय हे लोक कर भरीतच होते. तेव्हां एकाच शाळेसाठीं त्यांस दोनदां पैसे मोजावे लागले. गोऱ्यांच्या मुलांच्या शाळा मात्र करांच्या पैशांतून बांधल्या जात. योजनेची स्तुति करतांना हा अन्याय झांकून ठेवणें योग्य होणार नाहीं.

इमारती साध्या, पण विचारपूर्वक आंखलेल्या होत्या. पहिले नकाशे टस्कीगी येथें तयार झाले. तेथील शिल्पज्ञ रॉबर्ट टेलर हे ह्या विद्येचें पदवीशिक्षण घेतलेले पहिले कृष्णवर्णीय अमेरिकन मानले जातात. खेड्यांत वीज नव्हती. म्हणून उंच खिडक्यांच्या रांगा पूर्वेस किंवा पश्चिमेस ठेवीत, आणि प्रकाश मुलांच्या डाव्या हातानें यावा अशा रीतीनें बांक मांडीत, कारण त्यामुळें लिहिणाऱ्या हाताची सावली कागदावर पडत नाहीं. दोन वर्गांमधील पडदी सरकवली कीं सबंध गांवाच्या सभेपुरतें एक दालन होई.

शाळा ओस कां पडल्या

१७ मे १९५४ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें वर्णभेदावर चालणाऱ्या सरकारी शाळा घटनाविरुद्ध ठरविल्या. निकाल न्यायाचा होता, व त्यासाठीं झगडणाऱ्यांत ह्या शाळांतून शिकलेले पुष्कळ होते. परंतु पुढें शाळा एकत्र होऊं लागल्या, लहान शाळा बंद पडल्या, आणि बांधणाऱ्यांच्या घामानें उभ्या राहिलेल्या इमारतींचा वाली कोणी उरला नाहीं. कांहीं विकल्या गेल्या, कांहींत गवताच्या गंज्या भरल्या, कांहीं पाडल्या गेल्या, आणि बहुतेक पावसानें व वाळवीनें आपोआप बसल्या. सुमारें पांच हजार शाळांपैकीं पांचशांच्या आसपास आज उभ्या आहेत, असा अंदाज आहे. नागरिक हक्कांचे पुढारी जॉन लुईस व कवयित्री माया अँजेलो हीं दोघें लहानपणीं अशाच शाळांत शिकलीं. २००२ सालीं ऐतिहासिक वास्तुरक्षणाच्या राष्ट्रीय ट्रस्टनें देशांतील अत्यंत धोक्यांत असलेल्या अकरा ठिकाणांच्या यादींत रोझेनवाल्ड शाळांचा समावेश केला, आणि तेव्हांपासून त्यांच्याकडे सर्वांचें लक्ष वळलें.

पैसा देणारे कोण

वास्तुरक्षणास पैसा देणारे तेथें मुख्यतः तीन प्रकारचे आहेत. पहिलें सरकार. १९६६ सालच्या कायद्यानें ऐतिहासिक स्थळांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली व प्रत्येक संस्थानांत वास्तुरक्षणाची कचेरी निघाली; १९७६ सालीं ह्या कामासाठीं एक निधि निर्माण करण्यांत आला. समुद्रांतील तेल व वायु काढणाऱ्या कंपन्या सरकारास जें भाडें व स्वामित्वशुल्क देतात, त्यांतून ह्या निधीची रक्कम काढावी, असें ठरलें. एक न भरून येणारी संपत्ति खर्च होत असतां तिच्या उत्पन्नाचा कांहीं अंश दुसऱ्या तशाच संपत्तीच्या रक्षणास लावावा, हा त्यांतील विचार मनन करण्याजोगा आहे. ह्याच निधींतून २०१६ सालापासून कृष्णवर्णीयांच्या नागरिक हक्कांच्या लढ्याशीं निगडित असलेल्या स्थळांसाठीं स्वतंत्र अनुदानें देण्यास आरंभ झाला.

दुसरा प्रकार लोकांच्या देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांचा. वर उल्लेखिलेला राष्ट्रीय ट्रस्ट १९४९ सालीं काँग्रेसच्या सनदेनें स्थापन झाला. २०१७ सालीं त्यानें कृष्णवर्णीयांच्या वारशासाठीं एक खास निधि उभारला. घरदुरुस्तीचें सामान विकणाऱ्या 'लोज' ह्या कंपनीनें ट्रस्टमार्फत अनेक रोझेनवाल्ड शाळांच्या दुरुस्तीस पैसा दिला. तिसरे देणारे म्हणजे त्या त्या गांवचे लोक व माजी विद्यार्थी. त्यांची रक्कम लहान असते. परंतु पुढील विवेचनावरून ध्यानांत येईल कीं, तिच्यावांचून पहिल्या दोघांचे दरवाजे सहसा उघडत नाहींत.

येथें एक खुलासा केला पाहिजे. नोंदवहींत नांव चढलें म्हणजे पैसा मिळाला, असें नव्हे. नोंद ही वास्तूच्या महत्त्वाची साक्ष होय. अर्ज मात्र वेगळा करावा लागतो, व तेथें इतर अनेक गांवांशीं स्पर्धा असते. तसेंच हीं अनुदानें बहुधा सार्वजनिक किंवा धर्मादाय संस्थांच्या वास्तूंसाठीं असतात. दुकान, खाणावळ किंवा भाड्याचीं घरें अशा उत्पन्न देणाऱ्या जुन्या इमारतींच्या मालकांस दुसरा मार्ग आहे. नियमांप्रमाणें दुरुस्ती केल्यास खर्चाच्या शेंकडा २० इतकी सूट त्यांस मध्यवर्ती करांत मिळूं शकते.

मागण्यापूर्वींची तयारी

पहिलें काम पुराव्याचें. आपली शाळा खरोखरच रोझेनवाल्ड शाळा आहे काय, हें नुसतें सांगून भागत नाहीं. सुदैवानें त्या निधीचें दप्तर नॅशव्हिल येथील फिस्क विद्यापीठांत सुरक्षित आहे. शाळेचें नांव, परगणा, बांधणीचें वर्ष, कोणी किती पैसे दिले हें नोंदविलेलीं कार्डें व अनेक शाळांचीं छायाचित्रें तेथें पाहावयास मिळतात. नव्वद वर्षांपूर्वींच्या कारकुनांनीं नीट लिहिलेला हिशेब आज इमारती वांचविण्याच्या उपयोगी पडत आहे. टापटिपीनें वही ठेवण्याचा कंटाळा करणाऱ्या आमच्या विद्यार्थिमित्रांनीं ही गोष्ट अवश्य लक्षांत ठेवावी.

दुसरें काम मालकीचें. जमीन कोणाच्या नांवावर आहे, शाळाखात्यानें ती विकली कीं परत केली, वारसांची संमति आहे किंवा नाहीं, हीं कागदपत्रें स्पष्ट नसतील तर कोणताही शहाणा दाता पैसा देणार नाहीं. शाळेसाठीं म्हणून दिलेली जागा शाळा बंद पडल्यावर कोणाची, हा वाद अनेक गांवांत उभा राहतो. तो सभेंत भावनेनें सुटत नाहीं. वकिलाकडून कागद तपासून घ्यावे लागतात.

तिसरें काम तपासणीचें. जुन्या इमारतींचें ज्ञान असलेल्या शिल्पज्ञाकडून वास्तूची पाहणी करून घ्यावी, आणि काय बिघडलें, कां बिघडलें, कोणती दुरुस्ती प्रथम करावी, ह्याचा लेखी अहवाल मिळवावा. ह्या पाहणीसाठींही लहान अनुदानें मिळतात, व प्रथम तींच मागणें शहाणपणाचें असतें. थोडक्या पैशांचें काम चोख करून दाखविणाऱ्या मंडळीवर मोठ्या कामाचा विश्वास सहज बसतो. दुरुस्तीचा क्रमही ठरलेला आहे : आधीं छपर, पागोळ्यांची वाट व पाया, मग भिंती व खिडक्या, आणि रंग सर्वांत शेवटीं. वरून पाणी गळत असतां भिंतीस रंग देणें म्हणजे पैसा पाण्यांत घालणें होय.

चौथें काम उपयोगाचें. इमारत दुरुस्त झाल्यावर तींत काय चालणार, तिचा नित्याचा खर्च कोण सोसणार, ह्याचें उत्तर अर्जांत द्यावें लागतें. जॉर्जिया संस्थानांतील कॅसव्हिल येथील नोबल हिल शाळेचें उदाहरण पाहा. ती १९२३ सालीं बांधली गेली व १९५५ सालीं बंद पडली. पुढें माजी विद्यार्थ्यांनीं पुढाकार घेतला. १९८७ सालीं राष्ट्रीय नोंदवहींत तिचें नांव चढलें, आणि १९८९ सालीं तेथील कृष्णवर्णीयांच्या जीवनाचा इतिहास दाखविणारें संग्रहालय म्हणून ती पुन्हा उघडली. कुलूप लावून ठेवलेली दुरुस्त इमारत थोड्या वर्षांत पुन्हा पडकी होते. मुलांची ये-जा असलेली इमारत मात्र लोक आपण होऊन सांभाळतात.

पांचवें काम स्वतःच्या वांट्याचें. पुष्कळ अनुदानें अशा अटीवर मिळतात कीं, दाता जितके देईल तितकेच, किंवा त्याचा ठरलेला हिस्सा, मागणाऱ्यानें उभा करावा. समजा, छपराचें काम २०,००० डॉलरांचें आहे आणि अट बरोबरीच्या वांट्याची आहे. अशा वेळीं १०,००० डॉलर गांवानें दाखवावे लागतात. त्यांत रोख देणग्या येतात. आणि दात्याच्या नियमांत बसत असेल तर फुकट मिळालेलें लाकूड, सुताराची विनामूल्य मजुरी, विद्यार्थ्यांनीं साफसफाईस दिलेले तास, ह्यांचीही किंमत धरतां येते. मात्र प्रत्येक तासाची नोंद तारखेसह व सहीसह असली पाहिजे. शंभर वर्षांपूर्वीं रोझेनवाल्ड ह्यांनीं घातलेली अट आणि आजच्या अनुदानांची अट ह्यांत विलक्षण साम्य आहे. तेव्हांच्या गांवकऱ्यांच्या नातवंडांस शाळा वांचविण्यासाठीं पुन्हा त्याच रीतीनें पदर पसरावा लागला, आणि पुन्हा आपलाही हात खिशांत घालावा लागला.

पैसा मिळाल्यानंतर

अनुदान मंजूर झालें म्हणजे काम संपलें, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः पुष्कळ अनुदानांत आधीं खर्च करावा लागतो, मग पावत्या पाठविल्यावर पैसे परत मिळतात. तेव्हां मधल्या काळापुरती रक्कम हातीं असावी लागते. दुरुस्तीचे नियमही कडक असतात. जुनी लाकडी खिडकी शक्य तोंवर सांधून वापरावी. ती काढून नव्या नमुन्याची बसवूं नये. रोझेनवाल्ड शाळेची ओळखच तिच्या खिडक्यांच्या रांगेंत आहे. ती गेली तर उरेल तें कोणतेंही गोदाम होईल. मोठें सरकारी अनुदान घेतल्यास ठराविक वर्षेंपर्यंत इमारतीचें रूप बदलणार नाहीं, असा लेखी करारही करून द्यावा लागतो. ज्यांस ह्या अटी जाचक वाटतात, त्यांनीं असें पाहावें कीं, दिलेला पैसा सबंध समाजाचा आहे, आणि त्याचा जाब विचारण्याचा समाजास अधिकार आहे.

आपल्याकडील एक गोष्ट

ह्या इतिहासाशीं महाराष्ट्राचें एक जुनें नातें आहे. अमेरिकेंतील गुलामगिरी नाहींशी करणाऱ्या सज्जन लोकांस जोतीराव फुले ह्यांनीं १८७३ सालीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अर्पण केलें. त्याच जोतीरावांनीं व सावित्रीबाईंनीं १८४८ सालीं पुण्यांत बुधवार पेठेंतील भिडे वाड्यांत मुलींची शाळा काढली. तो वाडा पुढें जीर्ण झाला; जागेचा वाद दीर्घकाळ न्यायालयांत चालला; आणि अखेर डिसेंबर २०२३ मध्यें तेथें स्मारक उभारण्यासाठीं तो उतरविण्यांत आला. स्मारक होणें उचितच आहे. तथापि ज्या भिंतींनीं त्या पहिल्या मुलींचे पाठ ऐकले, त्या आतां कोणत्याही अनुदानानें परत यावयाच्या नाहींत. मालकीचे कागद, तपासणी आणि पैसा हीं तीन वेळेवर एकत्र आलीं नाहींत म्हणजे काय होतें, हें सांगण्यास आम्हांस परदेशचें उदाहरण शोधावें लागत नाहीं.

आपल्या देशांतही भारत सरकारनें १९९६ सालीं राष्ट्रीय संस्कृति निधि स्थापन केला असून दात्यास विशिष्ट स्मारकासाठीं देणगी देण्याची त्यांत सोय आहे. कंपन्या व धर्मादाय संस्थाही अशा कामीं साहाय्य करितात. परंतु दाता कोणीही असो, त्याचे पहिले प्रश्न बहुधा तेच असतात : ही वास्तु काय आहे, कोणाची आहे, तिला काय झालें आहे, ती पुढें कोणाच्या उपयोगी पडेल, आणि तुम्हीं स्वतः काय दिलें?

ह्यांतील कित्येक प्रश्नांचीं उत्तरें विद्यार्थ्यांस व पालकांस आजच गोळा करतां येतील. विद्यार्थ्यांनीं ह्या सुटींत आपल्या गांवच्या सर्वांत जुन्या शाळेची, धर्मशाळेची किंवा वाचनालयाची माहिती एका वहींत लिहावी. ती कोणी बांधली, कोणत्या सालीं बांधली, पैसा कोणीं दिला, हें वडील माणसांस विचारावें; चारही बाजूंनीं छायाचित्रें काढावीं; पावसाळ्यांत पाणी कोठें गळतें तें लिहून ठेवावें. पालकांनीं घरांतले जुने दाखले, पावत्या व वर्गांचीं छायाचित्रें रद्दींत टाकूं नयेत, आणि गांवच्या मंडळीस जागेचे कागद पाहण्याच्या कामीं मदत करावी. ह्यास पैसा जवळजवळ लागत नाहीं. उद्यां अर्ज करण्याची वेळ आली तर त्याचीं पहिलीं पानें मात्र ह्याच वहींतून लिहिलीं जातील.